टोपणनावाचा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार

नवीन कॉम्प्युटर आला. जुना सकाळी चालू केला की माझी अंघोळ, पूजा आणि पोहे होईपर्यंत जागा व्हायचा नाही. गेल्या आठवड्यात तर नुसता निळा पडदा दाखवून गप्प बसला. शहनाजने तो खाली नेऊन उघडला आणि ‘योगिनी, हा गेला’ असं मोठ्या डॉक्टरांच्या आवाजात सांगितलं. आतला माल मात्र तिने पेन ड्राइव्हवर काढून दिला.

शहनाज आमच्याच इमारतीत तळमजल्यावर कॉम्प्युटरचे क्लास घेते. आधी शाळेत शिकवायची, त्यामुळे माझ्याशी बोलतानासुद्धा अधूनमधून ‘इकडे लक्ष दे’ म्हणते. रोज काय काय दाबलंस ते एका वहीत लिहून ठेव, बिघडलं तर शोधायला सोपं जाईल, असं तिनेच सांगितलं. म्हणून ही वही.

वही दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात पडली तर त्याला कळावं म्हणून लिहिते: मी नाशिकमध्ये गंगापूर रोडला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत वधूवर सूचक मंडळ चालवते. बावीस वर्षं झाली. स्थळांची माहिती आणि फोटो मी फक्त ईमेलने पाठवते. व्हॉट्सॅपवर टाकलेला मुलीचा फोटो संध्याकाळपर्यंत चाळीस मावश्यांनी पाहिलेला असतो. माझ्याकडे असलं चालत नाही. खाजगी ते खाजगी.

२३ तारखेला वार्षिक परिचय मेळावा आहे. त्याआधी मशीन सुरू व्हायलाच हवं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शहनाज दहा दिवसांसाठी मालेगावला गेली. भाचीचं, आलिमाचं लग्न. जाताना म्हणाली, ‘पत्त्यांच्या वहीला हात लावू नको, मी आल्यावर बघू.’ मेळावा तोंडावर आणि ही दहा दिवस बिर्याणी खाणार. मी हात लावला.

अवघड काही नाही. जुन्या वहीत चार रकाने: नाव, टोपणनाव, ईमेल, फोन. कोणता रकाना कुठे टाकू, असं नवीन मशीन विचारतं. त्यातलं टोपणनाव म्हणजे टोपणनाव नव्हे. बाब्या आणि चिंगी लिहायला मी काही त्यांची आत्या नाही. तो रकाना कधी कुणाला दिसायचा नाही, म्हणून मी तिथे माझी खूण लिहून ठेवायची. ‘फोटो जुना. फार जुना.’ ‘उंचीतून दोन इंच वजा.’ ‘शाकाहारी म्हणतो, खोलात जाऊ नये.’ मला माणूस दोन भेटींत कळतो, आणि लिहून ठेवलं नाही तर तिसऱ्या भेटीत मी विसरते.

मशीनने बरंच काही विचारलं. ‘दाखवायचं नाव’ कुठून घेऊ वगैरे. मी ओके म्हणत गेले.

नोंद: ओके नऊ वेळा दाबलं. १८६ पत्ते आले. शहनाजचं काही अडत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

मेळाव्याचं निमंत्रण सर्वांना पाठवलं. आधी ‘सर्व’ नावाची यादी होती, ती निवडली की एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नसे. ती यादी काही आली नाही. मग सगळे पत्ते एकदम निवडले आणि वरच्या मोठ्या चौकटीत टाकले. चौकटीत पहिलं ‘अतिशय चांगली’ असं उमटलं आणि पुढे ‘आणखी १८५’. मला वाटलं, मशीन माझ्या कामाबद्दल बोलतंय. आजकालची यंत्रं बोलतात म्हणे.

पाठवून टाकलं. मग निवांत चहा घेतला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सव्वानऊला अमितचा फोन. वय अडतीस, औषध कंपनीत, इथेच राहतो.

‘मॅडम, “बोलायला लागला की घड्याळ बघावं” हे कोण आहे?’

‘का हो?’

‘कारण त्याच्यापुढे माझा ईमेल आहे.’

आपण मुळीच जास्त बोलत नाही हे त्याने मला चाळीस मिनिटं समजावलं. मी तीनदा घड्याळ पाहिलं.

त्यानंतर फोन थांबेचना. शेवटी मालेगावला शहनाजला लावला. मागे ढोल चालू.

‘दाखवायचं नाव म्हणून तू टोपणनावाचा रकाना दिलास,’ ती ओरडून म्हणाली. ‘आणि सगळ्यांना एकाच वेळी, उघड्यावर पाठवलंस. म्हणजे १८६ घरांना १८६ जणांबद्दल तुझं मत पोहोचलं. किती वेळा ओके दाबलंस?’

‘नऊ.’

ढोल वाजत राहिला. मग ती म्हणाली, ‘परत मागवता येत नाही, योगिनी.’

सायलीला फोन केला, पुण्याला. लेक असल्यामुळे निदान ती तरी हसेल. उचलला नाही. मीटिंगमध्ये असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा हिशेब: शिव्या अकरा, रडणं दोन, वकिलाची धमकी एक. ‘स्थळ उत्तम, वडील स्वतःच बोहल्यावर उभे असल्यासारखे’ यातल्या वडिलांनी धमकी दिली. त्यांच्या बायकोने मागून फोन हिसकावून घेतला आणि म्हणाली, ‘ताई, मी अठ्ठावीस वर्षं हेच सांगतेय.’

‘अतिशय चांगली’ हिला मात्र दोन दिवसांत सात चौकश्या.

सायली उचलत नाही. काम फार देतात हल्ली.

८ फेब्रुवारी, शनिवार

वणीहून कुसाबाई आल्या, बरोबर मुलगा बहिरू. द्राक्षाची बाग आहे. त्यांच्यापुढे मी लिहिलं होतं, ‘मुलगा चांगला. आई मधे पडते.’

कुसाबाईंनी द्राक्षांची पेटी टेबलावर ठेवली. भांडायला येताना पेटी आणणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

‘ताई, मी मधी पडते म्हणं.’

‘कुसाबाई, ते चुकून झालं हो.’

‘चुकून लिव्हलं का चुकून धाडलं?’

‘धाडलं चुकून.’

‘मंग लिव्हलं ते खरं.’

मी खिडकीकडे पाहिलं. बहिरू जमिनीकडे पाहत होता.

‘मागल्या पोरीला मी एवढंच इचारलं, का गं एवढी वाळकी कशी. त्यात काय वाईट हाय?’ मग लेकाकडे वळून, ‘सांग ना रे.’

बहिरू म्हणाला, ‘आय, बाईंनी खरं लिव्हलंय.’ चार वर्षांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बरा आहे.

कुसाबाई बराच वेळ पदराचं टोक पिळत बसल्या. मग म्हणाल्या, ‘मेळाव्याला मी येऊ का नको?’

‘या. पण बोलायचं बहिरूने.’

‘तो बोलतच नाय म्हणून तर मी बोलते. लय वरसं झाली, सवय झाली.’

द्राक्षं गोड निघाली.

१० फेब्रुवारी, सोमवार

प्रत्येकाची वेगळी माफी मागायची ठरवलं. पूर्ण यादी छापून काढली आणि पेन्सिल घेऊन बसले. एक ते एकशे तीसपर्यंत झाले. काही काही वाचून मलाच हसू आलं. मी वाईट लिहीत नाही.

१३१. सायली. ‘एकदा मोडलेलं. पहिल्या भेटीत सांगू नये.’

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज कीबोर्ड पुसला. अक्षरांच्या फटींत भलतीच धूळ बसते. नवीन असूनही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माळ्यावरचे डबे काढले.

सायलीचं नाव मी तीन वर्षांपूर्वी घातलं होतं. तिच्या घटस्फोटाला वर्ष झालं तेव्हा. एखादं चांगलं स्थळ आलं तर पटकन पुढे करता यावं म्हणून. ही काही चूक नाही. डॉक्टरच्या घरात औषध असतंच. आणि आधी माणसं भेटावीत, मग बाकीचं सांगावं, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे. तिला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

तिला फोन केला नाही. ती कामात असेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शहनाज आली. मिठाईचा डबा दिला आणि थेट मशीनपुढे बसली. यादी खाली सरकवत सरकवत एका ठिकाणी थांबली. मी चहा ठेवायला उठले.

‘हे तिने वाचलं?’ तिने आतूनच विचारलं.

‘पोहोचलं असेल.’

‘बोललीस तिच्याशी?’

‘ती उचलत नाही.’

‘कधीपासून?’

साखर संपली होती, मी ती आणायला खाली गेले.

दुपारी सायलीचा मेसेज आला. ‘माझं नाव काढ. आज.’ एवढाच. मी लगेच मशीन उघडलं, १३१ निवडला, काढून टाकला. खरंच काढू का, असं विचारतं. ओके. तिला कळवलं, ‘काढलं.’ तिने निळ्या खुणा होऊ दिल्या, उत्तर दिलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शहनाजने नावं नावांच्या जागी आणली, पत्ते लपवून पाठवायचं शिकवलं. मी माफीचं पत्र लिहिलं. मसुदा चार वेळा फाडला. शेवटचा बरा झाला:

‘सन्माननीय पालक, आपल्या पाल्याविषयी माझी खाजगी नोंद माझ्या हलगर्जीपणामुळे उघड झाली. पाठवणं ही माझी चूक होती. क्षमा असावी. मेळावा ठरल्याप्रमाणे होईल.’

लिहिलेलं चूक होतं असं मी म्हटलेलं नाही. कुसाबाईंमुळे ते सुचलं.

सर्वांना पाठवलं. अर्ध्या तासात सायलीचा मेल आला. ‘मी पालक नाही. आणि मी अजून यादीत आहे.’

यादी उघडली. १३१. सायली. जशीच्या तशी.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा काढलं. देवाशपथ काढलं. चहा पिऊन येईपर्यंत परत हजर. चार वेळा. तिला मेसेज केला की मी काढतेय पण ते आपोआप परत येतंय. आता वाचताना कळतं की हे वाक्य कुणालाही खोटंच वाटेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शहनाजने शोधलं. मंडळाच्या कामासाठी जो जुना मोबाइल मी ड्रॉवरमध्ये ठेवते, त्यात सगळ्या पत्त्यांची आणखी एक प्रत आहे. मी कॉम्प्युटरवरून सायलीला काढते, मोबाइलला वाटतं बिचारी हरवली, तो तिला परत आणून बसवतो.

‘तू बाहेर काढतेस, तो आत घेतो,’ शहनाज म्हणाली. तिने दोन्हीकडून काढलं. तासभर थांबलो. आली नाही.

‘झालं. आता फोनवरून कळवते तिला,’ मी म्हटलं.

शहनाजने चष्मा काढला. ‘इकडे लक्ष दे. तू वणीच्या बाईशी समोर बसून बोललीस. त्या वकीलवाल्याच्या घरी जाऊन आलीस. अमितकडे तर दोन तास बसलीस. आणि पोटच्या पोरीला मेसेज?’

‘तिला घरी गेलेलं आवडत नाही.’

‘कोण म्हणालं?’

कोण म्हणालं ते आठवेना.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळच्या बसने पुणे. संगमनेरला वडा खाल्ला, तो नारायणगावपर्यंत आठवत राहिला. सायली मंगळवारी घरून काम करते. दार उघडलं, मला पाहिलं, आणि ‘ये’ म्हणाली. पाणी दिलं. मग लॅपटॉपपुढे जाऊन बसली आणि तासभर कुणाशी तरी इंग्रजीत बोलली. मी घर पाहून घेतलं. नीट ठेवलंय. दारामागे दोन हेल्मेट होती, गाडी मात्र एकच. पुण्यात चोऱ्या फार, म्हणून जास्तीचं घेतलं असेल. कॉफी कडू लागते म्हणणाऱ्या हिच्या ओट्यावर कॉफीचं यंत्र आहे. कंपनीने दिलं असावं.

लॅपटॉप मिटून ती समोर बसली.

‘बोल.’

मी बसमध्ये सगळं पाठ केलं होतं. मोबाइलची प्रत, दोन्हीकडून काढणं, ओके. तिने ऐकून घेतलं.

‘आई, मला मशीनचं सांगू नकोस. तू ते लिहिलंस का?’

‘मी सगळ्यांबद्दलच लिहिते गं. माझं कामच ते. जे खरं ते लिहायचं.’

‘सगळ्यांबद्दल खरं लिहिलंस. मी वाचलंय, सगळं, एकशे शहाऐंशी. कुणाचा फोटो जुना, कुणाची आई मधे पडते. लपवा असं एकाही माणसाबद्दल लिहिलेलं नाहीस. फक्त माझ्याबद्दल.’

मी पाणी प्यायले. पेला रिकामाच होता.

‘मामाला सांगितलंस कंपनीने पुण्याला पाठवलं. शेजारी सांगितलंस जावई परदेशात. चार वर्षं तो परदेशात आहे, आई. मी नाशिकला येते तेव्हा जिन्यात लोक मला त्याची तब्येत विचारतात.’ ती रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. ‘घटस्फोट झाला तेव्हा मला वाईट वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं. लाज नव्हती वाटली. ती मला तुझ्याकडे बघून वाटायला लागली.’

‘मी तुझ्या भल्यासाठी,’ असं मी सुरू केलं, तोवर ती ओट्याकडे निघाली होती.

तिने खिचडी टाकली. जेवताना कामाबद्दल बोललो. बस स्टँडवर सोडायला आली. बसमध्ये मी यादीचा कागद उघडला नाही, नुसता पिशवीत धरून ठेवला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

एकोणीस घरांनी मेळाव्यातून नावं काढली. काढू द्या.

कार्यक्रमपत्रिका पुन्हा लिहिली. दरवर्षी पहिल्या लग्नाची मुलं-मुली सकाळी आणि घटस्फोटित, विधुर, विधवा जेवणानंतर, असं असतं. जेवणानंतर सभागृहात निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, आणि उरलेल्यांतले बरेच झोपलेले. बावीस वर्षं मी ते बघते आहे आणि मला त्यात कधी काही दिसलं नव्हतं. यंदा सगळे एकत्र, आडनावाच्या क्रमाने.

शहनाजने पत्रिका वाचली. ‘छपाईच्या चुका नाहीत,’ म्हणाली. तिच्याकडून हे पुष्कळ झालं.

२३ फेब्रुवारी, रविवार

मेळावा झाला. लोक कमी आले, पण आलेले सगळे जेवण होईपर्यंत बसले.

अकराच्या सुमारास घटस्फोट झालेली एक मुलगी बोलून खाली उतरली, आणि चांदवडचे एक गृहस्थ उभे राहिले. ‘मॅडम, पहिल्या लग्नाच्या मुलींमध्ये ह्या कशाला? आमचा गोंधळ होतो.’

ती मुलगी अजून पायरीवरच होती. माइक माझ्या हातात.

‘गोंधळ होऊ नये म्हणूनच ती पहिल्या वाक्यात सांगून गेली,’ मी म्हटलं. ‘माझ्या मुलीचाही घटस्फोट झालेला आहे. चार वर्षं झाली. मी सगळ्यांना सांगत होते की जावई परदेशात आहे. तो इथेच, कॉलेज रोडला राहतो.’

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवल्या असत्या तर मला आवडलं असतं. माझा भाऊ तिसऱ्या रांगेत होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं. चांदवडचे गृहस्थ खाली बसले. पायरीवरची मुलगी आपल्या खुर्चीत जाऊन बसली, मागच्या नाही, पुढच्याच रांगेत.

पुढचं नाव बहिरूचं होतं. त्याला माइकपुढे शब्द फुटेना. कुसाबाई अर्ध्या उठल्या. मी पाहिलं, त्यांनीही मला पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून परत बसल्या. पाऊण मिनिट गेलं असेल. मग बहिरू म्हणाला, ‘मला बोलता येत नाय. बाग चांगली करतो. आई माझी लय बोलती पण पोटात काय नाय तिच्या.’

जेवणात दोघी जणी कुसाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. बहुतेक ऐकायला.

मला आज फार मोकळं वाटतंय. सायलीसाठी एवढं तरी केलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सायलीचा फोन. तिने स्वतः केलेला, या महिन्यातला पहिला.

‘मामाचा फोन आला होता. तू माइकवरून सांगितलंस?’

‘हो,’ मी म्हटलं. जरा ताठ बसूनच म्हटलं.

‘मला विचारलं होतंस?’

मी पाठ खुर्चीला टेकली.

‘आई, आधी मला न विचारता लपवलंस. आता मला न विचारता दोनशे माणसांत सांगितलंस. मधे एकदा, एकदा, मला विचारावंसं वाटलं नाही?’

खरंच वाटलं नव्हतं. मी तसंच सांगितलं. म्हटलं, ‘नाही वाटलं. सुचलंच नाही. चुकलं माझं.’ यावेळी पुढे ‘पण’ जोडला नाही. जिभेवर होता.

पलीकडून एक आवाज आला. रडतेय की काय म्हणून मी घाबरले. ती हसत होती.

‘मामा म्हणाला, चांदवडवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.’

मी तिला सगळं सांगितलं. बहिरूचं, कुसाबाईंचं, अमितचं. अमितला परिचयासाठी दोन मिनिटं होती, तो नऊ मिनिटं बोलला आणि एका मुलीने मधेच त्याची चूक काढली, तेव्हापासून तो तिच्याच मागे आहे. सायली हसत राहिली. तिला ऑफिसला उशीर झाला.

ठेवता ठेवता म्हणाली, ‘शनिवारी येते.’

‘ये. पुरणपोळी करते.’

‘दोन माणसांची जास्त कर. म्हणजे मी आणि आणखी एक.’

‘कोण गं?’

‘आल्यावर बघ. आणि आई, काही लिहून ठेवू नकोस.’

१ मार्च, शनिवार

आली. दोघंही पोटभर जेवले.

बाकी काही लिहीत नाही.